बिदरला आधी पोचलेले पत्र



व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला होता 'क्रुसेडमधला एक बदनाम सरदार'. त्यांच्या मनात होता रेनॉ द शातियों. विषय चांगलाच आहे, पण चाकणला यायचे आणि दीड तास पॅलेस्टाइनवर बोलायचे हे माझ्या गळी उतरेना. म्हणून रेनॉला सुरुवातीची काही मिनिटे देतो आणि मग आपल्या वेशीच्या आत येतो.

हा रेनॉ फ्रान्समधला, दुय्यम घराण्यातला. दुसऱ्या क्रुसेडच्या लाटेबरोबर पूर्वेकडे आला आणि ११५३ मध्ये अँटिओकच्या विधवा राजकन्येशी लग्न करून एकदम संस्थानिक झाला. पैसे हवे होते, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या धर्मगुरूला त्याने मारहाण केली, जखमांना मध फासला आणि भर उन्हात बसवून ठेवले. धर्मगुरू त्याच्याच धर्माचा होता. मग त्याने सायप्रस लुटले, आणि तेही ख्रिस्ती बेटच. पुढे मुसलमानांच्या हाती सापडून हलबच्या, म्हणजे अलेप्पोच्या, तुरुंगात पंधराएक वर्षे काढली. ११७६ मध्ये सुटला, पुन्हा एका श्रीमंत विधवेशी लग्न केले आणि केरकच्या किल्ल्यावर बसून काफिले लुटू लागला. जहाजांचे भाग उंटांवर लादून त्याने ते तांबड्या समुद्रावर नेले, तिथे जहाजे जोडली आणि मक्का-मदिनेच्या वाटेवर धुमाकूळ घातला. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या लढाईत क्रुसेडर बुडाले, आणि सलाउद्दीनने या एका कैद्याला स्वतःच्या तलवारीने मारले.

त्याच्या काळचा मोठा इतिहासकार, टायरचा विल्यम, त्याच्यावर नाखूश. पण त्याच्या मरणानंतर काही महिन्यांतच ब्ल्वाच्या पीटरने त्याला हुतात्मा ठरवणारी पोथी लिहिली. विसाव्या शतकातले काही इतिहासकार म्हणतात की तो नुसता लुटारू नव्हता, सलाउद्दीनला अडवण्याचे धोरण त्याला बरोबर समजले होते. आणि २०१० साली येमेनमधून अमेरिकेला मालवाहू विमानांनी जी बॉम्बची पार्सले निघाली, त्यातल्या एकावर पत्ता होता 'रेनाल्ड क्राक' या नावाचा. मेल्याला आठशे तेवीस वर्षे झालेला माणूस अजून कुणाच्या तरी हिशेबात होता.

रेनॉ इथे सोडतो. धर्माच्या नावाने लढणारा, पराक्रमी, उद्धट, आणि मेल्यावर एका बाजूला हुतात्मा नि दुसऱ्या बाजूला दैत्य झालेला एक सेनापती आपल्याकडेही होऊन गेला. त्याचे ठाणे चाकणला होते.

चाकण म्हटले की आपल्या तोंडी दोन गोष्टी येतात. एक, १६६० सालचा फिरंगोजी नरसाळ्यांचा लढा. दुसरी, शरद जोशींचे कांद्याचे आंदोलन. कंपन्या तिसऱ्या. मी ज्याच्याबद्दल बोलणार तो फिरंगोजींच्या आधी दोनशे वर्षे इथे होता. त्याचे नाव खलफ हसन, राहणार बसरा. किताब मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार. हा किताब शोभेचा नव्हता, माणूस खरोखरच घोड्यांचा आणि मालाचा व्यापारी होता. त्या काळी इराण-अरबस्तानातून घोडे दाभोळ, चौलच्या बंदरांत उतरत आणि त्यांच्या मागोमाग नशीब काढायला माणसेही उतरत. बहमनी दरबाराला दोन्ही हवे असत.

खलफ हसनचे नशीब उघडले १४२२ मध्ये. गुलबर्ग्यात सुलतान फिरोजशहा थकला होता आणि गादी मुलाला द्यायची म्हणून भाऊ अहमदखानाचा काटा काढायचे घाटत होते. अहमदखान रातोरात निघाला, तेव्हा वेशीपाशी हा व्यापारी त्याला आडवा आला आणि सोडून जाईना. मागून सुलतानाची फौज लागलेली. खलफ हसनने काय केले? वाटेत उतरलेल्या बंजाऱ्यांकडून दोनेक हजार बैल घेतले, घोड्यांच्या व्यापाऱ्यांकडून काही शे घोडी घेतली, बैलांवर माणसे बसवली आणि लांब टेकाडाआडून ही 'फौज' दाखवली. पाठलाग करणाऱ्यांना वाटले कुमक आली. ते बिचकले, मोडले. अहमदखान सुलतान झाला, आणि बैलांवर फौज बसवणारा व्यापारी दरबारातला पहिल्या रांगेचा माणूस झाला. मला ही गोष्ट फार आवडते. खरी-खोटी किती ते बाजूला ठेवा, पण या माणसाचे डोके कसे चालत होते ते तिच्यात दिसते. पुढे त्याचा शेवट झाला तोही अशाच एका फसवणुकीत, आणि या खेपेला फसणारा तो होता.

अहमदशहाने राजधानी बिदरला नेली. १४३० च्या सुमाराला खलफ हसनला माहीम आणि साष्टी घ्यायला धाडले. गुजरातच्या फौजेने समुद्राकडून आणि जमिनीवरून त्याला कोंडले, सपाटून हार झाली, भाऊ कैद झाला. या हारीचे खापर त्याने फोडले दख्खनी सरदारांवर. त्यांनी मनापासून लढाई केली नाही, असे त्याचे म्हणणे.

दख्खनी कोण आणि परदेशी कोण, हे न समजता पुढची गोष्ट कळणार नाही. दोन्ही मुसलमानच. दख्खनी म्हणजे दोन-तीन पिढ्यांपूर्वी उत्तरेतून येऊन इथे रुजलेले किंवा इथलेच धर्म बदललेले. घरी इथली भाषा, इथले खाणे, बहुतेक सुन्नी. हबशी सरदारही त्यांच्या बाजूचे. दुसरे आफाकी, म्हणजे इराण, इराक, अरबस्तान, तुर्कस्तानातून नुकते उतरलेले. त्यांच्यात शिया पुष्कळ, फारसी उत्तम, घोड्यावरून तीर मारण्यात पटाईत आणि पगार जास्त. सुलतानांना आफाकी आवडत, कारण त्यांची इथे सोयरीक नव्हती, जहागिरीत मुळे नव्हती, ते सर्वस्वी सुलतानावर अवलंबून. स्थानिक माणूस हक्क सांगतो, बाहेरचा हुकूम ऐकतो. हे गणित तुम्हाला नवीन वाटू नये.

१४३७ च्या सुमाराला खानदेशचा नसीरखान वऱ्हाडात घुसला. तेव्हा खलफ हसनने नव्या सुलतानापुढे, म्हणजे दुसऱ्या अलाउद्दीन अहमदपुढे, अट ठेवली. माहीमला दख्खन्यांनी घात केला, या खेपेला मला फक्त परदेशी फौज द्या. दिली. बुलढाण्याजवळच्या रोहिणखेडला त्याने खानदेशी फौज मोडली, बुऱ्हाणपूरपर्यंत जाऊन शहर लुटले, जाळले, आणि हत्ती घेऊन बिदरला परतला. सुलतानाने खूश होऊन हुकूम काढला की इथून पुढे दरबारात परदेशी उजव्या हाताला उभे राहतील, दख्खनी आणि हबशी डाव्या हाताला. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की वैराची खरी गाठ त्या दिवशी पडली. रोजच्या रोज, सगळ्यांच्या देखत, डाव्या हाताला उभे राहायचे. एवढे पुरते.

आता चाकण.

फिरिश्त्याच्या मते हिजरी ८५७, म्हणजे इ.स. १४५३. काही अभ्यासक सहा-सात वर्षे आधी मानतात. मी फिरिश्त्याचे साल धरतो, कारण त्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल पडले आणि लक्षात राहायला सोपे जाते, याहून मोठे कारण माझ्याकडे नाही. सुलतानाने ठरवले की कोकणपट्टीतले किल्ले आणि राजे एकदाचे ताब्यात आणायचे. खलफ हसनबरोबर सात हजार दख्खनी, तीन हजार अरब घोडेस्वार आणि त्याची स्वतःची फौज दिली. त्याने मुख्य ठाणे केले चाकण. का, ते नकाशावर बोट ठेवले की कळते. जुन्नरहून नाणेघाट, मावळातून बोरघाट, आणि मागे बिदर-अहमदनगरकडची मोकळी सपाटी. घाटाखाली फौजा सोडायच्या आणि वर दाणागोटा राखायचा, तर हीच जागा. आजच्या कारखानदारांनी चाकण निवडले तेही रस्त्यांमुळेच.

इथून त्याने कोकणात तुकड्या पाठवल्या, काही राजे नमवले, आणि मग स्वतः उतरला. शिर्के नावाच्या राजाचा किल्ला वेढला. शिर्के शरण आला, फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे कुटुंबासह. खलफ हसनने त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले, इस्लाम किंवा मरण.

इथे थांबतो, कारण या माणसाची बदनामी आणि त्याचा गौरव, दोन्ही या एका वाक्यावर उभे आहेत. धर्मयुद्धाची भाषा बहमनी दरबारात नवी नव्हती, विजयनगरवरच्या प्रत्येक स्वारीत ती वापरली जाई. पण शरण आलेल्या कोकणी राजाकडून खंडणी घ्यायची आणि त्याला पुन्हा गादीवर बसवायचे, हा रोजचा व्यवहार होता. या व्यापाऱ्याने व्यवहार सोडला. का सोडला? माझा अंदाज असा की दरबारात आफाक्यांचे वजन टिकवायला त्याला नुसत्या विजयापेक्षा जास्त काही दाखवायचे होते. गाझी म्हणवून घेणाऱ्याला डाव्या हाताला कोण उभे करणार?

शिर्क्याने नकार दिला नाही. तो म्हणाला, मी धर्म बदलायला तयार आहे, पण खेळण्याचा शंकरराय माझा जुना वैरी. मी मुसलमान झालो आणि तो तसाच राहिला, तर तुमची पाठ फिरताच तो मला हिणवेल, माझीच माणसे माझ्यावर उठवेल. आधी त्याला नमवा. वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. खलफ हसन म्हणाला, ती वाट अवघड आहे म्हणतात. शिर्के म्हणाला, मी बरोबर असताना तुमच्या एका माणसाला काटा लागणार नाही.

दख्खनी आणि हबशी सरदारांनी जंगलात शिरायला नकार दिला. फिरिश्ता याला दगा म्हणतो. मी म्हणत नाही. ज्यांच्या दोन पिढ्या सह्याद्री पाहण्यात गेल्या होत्या, त्यांना ठाऊक होते की घाटमाथ्याच्या जंगलात घोडा म्हणजे ओझे. त्यांनी सांगितले असणार, आणि ज्याने आयुष्यभर त्यांच्या शब्दाला किंमत दिली नाही त्याने या वेळीही दिली नाही.

पहिले दोन दिवस शिर्क्याने रुंद, सोपी वाट दाखवली. सेनापती खूश. तिसऱ्या दिवशी वाट अशा ठिकाणी शिरली की त्या झाडीचे आणि दऱ्यांचे वर्णन करताना फिरिश्त्याची फारसी उपमांनी फुलून येते. दोन तंबू शेजारी ठोकायला जागा नाही. फौज पांगली, दमली, जिथे जागा मिळाली तिथे आडवी झाली. खलफ हसनला रक्ती आव झाली होती. शिर्क्याने निरोप धाडला होताच. रात्री वारा सुटला, झाडांच्या आवाजात इकडची हाक तिकडे ऐकू येईना, आणि शंकररायाची माणसे आली. फिरिश्ता मेलेल्यांचा आकडा सात हजारांच्या घरात देतो. त्यात मदिना, करबला आणि नजफचे सय्यद पाचशे. खलफ हसन तिथेच संपला.

रेनॉसारखाच याचाही शेवट शत्रूच्या हातून झाला. इथवरची गोष्ट आपल्या मनाजोगती आहे. धर्म लादणारा परका, त्याला चकवणारा आपला राजा, आणि मदतीला सह्याद्री. बहुतेक सांगणारे इथेच थांबतात. पण चाकणची गोष्ट आता सुरू होते.

वाचलेले परदेशी मागे थांबलेल्या दख्खनी छावणीपाशी आले. त्यांच्यातले काही रागाच्या भरात बोलून गेले की चाकणला पोचू द्या, तिथून सुलतानाला कळवतो की तुम्ही आम्हाला कसे सोडून दिलेत. हे बोलायला नको होते. दख्खनी सरदारांनी त्याच रात्री बिदरला आपले पत्र पाठवले. सेनापतीने आमचा सल्ला धुडकावला, जमीनदाराच्या नादी लागून फौज बुडवली, आणि आता उरलेले परदेशी चाकणचा किल्ला धरून कोकणच्या राजांशी संधान बांधत आहेत. पत्र सुलतानाच्या हाती पडले तेव्हा तो दारूच्या नशेत होता, आणि पत्र पुढे करणारा मुशीर-उल्-मुल्क हा दख्खनी. हुकूम निघाला.

मुशीर-उल्-मुल्क आणि निजाम-उल्-मुल्क फौज घेऊन चाकणवर आले. आत अडकलेल्या परदेशींना आधी कळेचना की आपल्याच सुलतानाची फौज आपल्याला का वेढते आहे. त्यांनी अर्जांवर अर्ज लिहिले. काही वाटेत अडवले गेले. जे बिदरला पोचले ते अर्ज पुढे करण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्या मुस्तफाखानाने दाबले. सुमारे दोन महिने लढाई चालली. दाणागोटा दोघांचाही संपत आला, तेव्हा बाहेरच्यांनी नवे फर्मान दाखवले. सुलतानाने माफी दिली आहे, बायकामुलांसह निर्धास्त बाहेर या. शपथा घेतल्या. परदेशी बाहेर आले. त्यांच्या सरदारांना किल्ल्यात मेजवानीला बोलावले आणि ताटावर कापले. त्याच वेळी बाहेर छावणीवर हल्ला झाला. बाराशे सय्यद, इतर परदेशी हजारभर. मुलांचा जो आकडा फिरिश्ता देतो तो याच्या कित्येक पट आहे. आकड्याला जुने लेखक हात सैल सोडतात हे मला ठाऊक आहे. निम्मा धरा, पाव धरा, तरी चाकणच्या मातीत याहून मोठी कत्तल मला माहीत नाही. मारणारेही मुसलमान, मरणारेही मुसलमान, आणि त्यांतले कित्येक पैगंबराच्या वंशातले.

कासिमबेग नावाचा एक सरदार मात्र संशयी निघाला. त्याने आणि करा खान कुर्द, अहमद बेग यांनी आपली माणसे छावणीपासून लांब उतरवली होती. आरडाओरडा ऐकू येताच ही तीनेकशे माणसे बायकांना पुरुषी वेश चढवून बिदरच्या वाटेला लागली. पाठलाग झाला. बीडजवळ पकडले जाणार इतक्यात बीडचा जहागीरदार हसनखान धावून आला. कधी काळी विजयनगरच्या लढाईत कासिमबेगने त्याचा जीव वाचवला होता. त्याच्यामार्फत खरी हकीकत अखेर सुलतानापुढे गेली. मुस्तफाखानाचे डोके उडाले. कासिमबेगला खलफ हसनचीच जागा मिळाली, दौलताबाद आणि जुन्नरचा सुभा. फिरिश्ता मोठ्या समाधानाने सांगतो की चाकणच्या दोन्ही मारेकऱ्यांना त्याच वर्षी कोड फुटले. त्यांच्या मुलांबद्दल तो जे लिहितो ते सभेत सांगण्यासारखे नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे सगळे सांगतो कोण?

मुहम्मद कासिम फिरिश्ता. जन्म कास्पियन काठच्या अस्तराबादचा, म्हणजे स्वतः आफाकी. लहानपणी बापाबरोबर अहमदनगरला आला, निजामशाहीत वाढला, तिथे नोकरी केली. १५८९ मध्ये अहमदनगरात जमालखानाच्या दख्खनी मंडळींनी परदेशी मुसलमानांची कत्तल केली. त्याच वर्षी फिरिश्ता अहमदनगर सोडून विजापूरला गेला. चाकणच्या मेजवानीबद्दल त्याने लिहिले ते पुढे सतरा-अठरा वर्षांनी, इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाला. दीडशे वर्षांपूर्वीची कत्तल लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कोणते शहर होते, हे मी सांगायची गरज नाही. दुसरा मोठा साधनग्रंथ 'बुर्हान-इ-मासिर' लिहिणारा सय्यद अली तबातबाई, तोही इराणकडून आलेला. फिरिश्ता इंग्रजीत आला, आणि ग्रँट डफपासून आपल्या सगळ्या पुस्तकांत खलफ हसन आणि शिर्के आले ते याच दारातून.

म्हणजे पाहा. त्या रात्री बिदरला आधी पोचले ते दख्खन्यांचे पत्र. त्या पत्राच्या जोरावर त्यांनी चाकण जिंकले. पण कागदावर शेवटचा शब्द परदेशींचा राहिला. दख्खन्यांची बाजू सांगणारा ग्रंथ आपल्यापुढे नाही. मुशीर-उल्-मुल्कला आपण कोड आलेला कपटी म्हणून ओळखतो, कारण त्याच्या शत्रूच्या जातभाईने तसे लिहिले. शंकररायाने आणि शिर्क्याने तर काहीच लिहिले नाही. शिर्क्याच्या तोंडचे ते चतुर बोलणे फारसी आहे, त्याला लबाड काफिर ठरवण्यासाठी रचलेले. आपण ते उचलले आणि त्यालाच गनिमी काव्याचा आद्यपुरुष केले. वाक्य तेच, फक्त शिवीची शाबासकी झाली.

शिर्क्यांच्या नावाशी वाट दाखवण्याची गोष्ट पुन्हा एकदा जोडली गेली आहे. १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजीराजे पकडले गेले. मुकर्रबखानाला वाट कुणी दाखवली, या प्रश्नावर गणोजी शिर्क्यांकडे बोट दाखवले जाते. शिर्के घराण्याला ते मान्य नाही. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला तेव्हा वंशजांनी जाहीर हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या वादात मी आज पडत नाही, त्याला वेगळे व्याख्यान आणि वेगळा बंदोबस्त लागेल. मला एवढेच दिसते की शत्रूला चुकीची वाट दाखवली ती युक्ती आणि शत्रूला बरोबर वाट दाखवली ती फितुरी, हा निवाडा आपण पुराव्यावर कमी आणि कोण कुणाच्या बाजूचा यावर जास्त करतो. १४५३ च्या शिर्क्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मानेवर तलवार ठेवून जो धर्म विचारतो, त्याच्याशी खरे बोलायला कुणी बांधील नाही. आणि त्याने डावावर लावले होते ते स्वतःचे घरदार.

खलफ हसनचा सूड त्याच किताबाच्या दुसऱ्या माणसाने घेतला. महमूद गवान, गिलानचा, तोही व्यापारी म्हणून आलेला, तोही मलिक-उत्-तुज्जार. १४६९ नंतर त्याने खेळणा आणि संगमेश्वर घेतले, आणि खलफ हसनची चूक टाळली. घाईने जंगलात शिरला नाही. आधी झाडी तोडली, पावसाळा कोल्हापूरला छावणी घालून काढला, पैसे चारून किल्ले फोडले. १४७२ मध्ये गोवा घेतला. तरीही त्याला मारले ते पत्रानेच. दख्खनी पक्षाने त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, त्यावर ओरिसाच्या राजाला खोटे पत्र लिहिले, आणि १४८१ मध्ये पुन्हा एकदा नशेतल्या सुलतानापुढे ठेवले. गवानचे डोके गेले. बहमनी राज्यही त्यानंतर उभे राहिले नाही.

त्या कटाचा म्होरक्या मलिक हसन. पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातून मुसलमान झालेला, म्हणजे अस्सल दख्खनी. त्याचा मुलगा मलिक अहमद. त्याने झैनुद्दीनला मारून चाकण घेतले आणि पुढे निजामशाही उभी केली. त्याच निजामशाहीकडून, ग्रँट डफ म्हणतो त्याप्रमाणे, मालोजी भोसल्यांना पुणे-सुप्याबरोबर शिवनेरी आणि चाकण मिळाले. आणि १६६० च्या जुलैत, शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटून खेळण्यावर पोचले तेव्हा, शायिस्ताखानाच्या फौजा चाकणला वेढा घालून बसल्या होत्या. खेळणा आणि चाकण दोनशे वर्षांनी पुन्हा एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात. फिरंगोजींनी दोन महिन्यांना काही दिवस कमी इतका काळ किल्ला लढवला. खलफ हसनच्या उरलेल्या माणसांनीही जवळपास तितकाच लढवला होता. फिरंगोजींना शायिस्ताखानाने सन्मानाने जाऊ दिले. त्या परदेशींना मेजवानीला बोलावले.

खलफ हसनबद्दल माझा निवाडा मागाल तर असा. शिर्क्यापुढे ठेवलेल्या पर्यायाला माफी नाही, काळाच्या रीतीचे पांघरूणही नाही, कारण त्याच्या काळी दुसरी रीत चालू होती आणि ती त्याला माहीत होती. सेनापती म्हणून तो हुशार होता, रोहिणखेडला ते दिसते. पण ज्या भूमीत तीस वर्षे मान खाल्ला तिथल्या माणसाचे एकदाही ऐकले नाही, आणि त्याची किंमत त्याच्या मागे उरलेल्यांनी चाकणला मोजली. त्याला हुतात्मा म्हणणारा फिरिश्ता आणि नुसता धर्मांध म्हणून मोकळे होणारे आपण, दोघेही त्याचे अर्धे आयुष्य गाळतो. बैलांवर फौज बसवणारा व्यापारी आणि इस्लाम की मरण विचारणारा गाझी एकच माणूस होता.

आणि चाकणच्या बाराशे सय्यदांना धर्मयुद्धाने मारले नाही. बाहेरचे आणि इथले या भांडणाने मारले. आजही खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंग्याच्या भाड्याच्या खोल्यांत बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ एका भिंतीआड राहतो. इथल्याची जमीन गेली आणि बाहेरच्याला नोकरी लागली, हे दुःख खरे आहे, त्याच्यावर मी आज पांघरूण घालणार नाही. ठेकेदाराला बाहेरचा माणूस का आवडतो, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. सुलतानाला आफाकी आवडत ते याच कारणाने. उजव्या-डाव्या हाताची रांग लावणारा तो, आणि चाकणला एकमेकांचे गळे कापणारे दुसरेच. त्याला शिक्षा झाल्याचे कुठे वाचनात नाही. त्याने फक्त दारू सोडली, असे फिरिश्ता सांगतो.

इथे बसलेल्या शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. संग्रामदुर्ग, म्हणजे चाकणचा हा किल्ला, दाखवायला मुलांना न्याल, तेव्हा फिरंगोजींचा लढा जरूर सांगा, तो सांगायलाच हवा. पण त्याआधी दोनशे वर्षे मागे जा आणि सांगा की याच गावात एका खोट्या पत्रावर हजारो माणसे मारली गेली, आणि जे खरे अर्ज होते ते बिदरच्या एका कारकुनाने दाबून ठेवले.